दुरुस्तीनंतरची थरथर : ट्रकच्या पॉवर स्टिअरिंगमधील कंपाचे निदान

ट्रकचा पुढचा ॲक्सल उतरवून किंगपिन, बुश, टाय रॉडची टोके, व्हील बेअरिंग इत्यादी भाग बदलावेत, गाडी रस्त्यावर आणावी, आणि दोन दिवसांतच चालकाने 'स्टिअरिंग थरथरते' अशी तक्रार घेऊन परत यावे, हा प्रकार वाहनदुरुस्तीच्या व्यवसायात अपरिचित नाही. विषय यंत्रशास्त्राचा, त्यात भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाने का शिरावे, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर असे की, येथे निदानाचा प्रारंभ एका वाक्यापासून होतो. ते वाक्य नीट ऐकले गेले नाही तर महागडा गिअरबॉक्स विनाकारण बदलला जातो आणि मूळ दोष जागच्या जागी राहतो. तो दोष सैल पिटमन आर्मचा असेल तर एखाद्या वळणावर चालकाच्या हाती नुसते फिरणारे चक्र उरते.

प्रथम रचना थोडक्यात पाहू. येथे पाट्यांवर बसवलेला अखंड ॲक्सल असलेला मालट्रक अभिप्रेत आहे. चालकाने दिलेला पीळ स्टिअरिंगच्या दांड्यातून गिअरबॉक्सकडे, तेथून पिटमन आर्म व ड्रॅग लिंक यांच्या द्वारे एका चाकाच्या स्टब ॲक्सलकडे आणि टाय रॉडने दुसऱ्या चाकाकडे जातो. गिअरबॉक्समध्ये पिळाची एक बारीक दांडी असते. ती पिळली की झडप उघडते आणि पंपाने दाबलेले तेल चालकाच्या मदतीस येते. अमेरिकन अभियंता फ्रान्सिस डेव्हिस हा पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात काम केलेला गृहस्थ. त्याने 1926 मध्ये अशी यंत्रणा चालवून दाखवली. विक्रीच्या मोटारीत ती 1951 मध्ये क्रायस्लर इम्पीरिअलबरोबर आली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, पीळ हातांकडून आला की चाकांकडून आला, हे त्या झडपेला कळत नाही. चाकाने दिलेल्या धक्क्यालाही ती प्रतिसाद देते. त्यामुळे दोष अन्यत्र असूनही आळ पॉवर स्टिअरिंगवर येतो.

आता तक्रारीच्या शब्दाकडे वळू. मराठीत अभ्यस्त व अनुकरणवाचक शब्दांची समृद्धी विलक्षण आहे, आणि त्यांत केवळ ध्वनीचेच नव्हे तर गतीचेही सूक्ष्म भेद साठवलेले असतात. 'थरथर' म्हणजे लहान आवाक्याचे, जलद, अखंड कंपन. 'डुगडुग' म्हणजे सैल खुंटीसारखी मोठ्या आवाक्याची, संथ हालचाल. 'गचका' हा सुटा आणि मोजता येण्याजोगा. 'घरघर' मुख्यतः कानाला जाणवणारी. हे शब्द म्हणजे काटेकोर परिभाषा नव्हे, आणि प्रत्येक चालक ते सारख्याच अर्थाने योजील असेही नाही. तथापि जॉब कार्डावर या सर्वांची जागा 'व्हायब्रेशन' हा एकच शब्द घेतो, तेव्हा निदानाला उपयुक्त अशी माहितीच पुसली जाते, हे कबूल करावे लागेल. चालकाने उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून घ्यावा, आणि तो केव्हा घडते त्यासह लिहावा. उभ्या गाडीत चाके वळवताना, ठराविक वेगाला, खड्ड्यानंतर, की ब्रेक दाबल्यावर? या चार परिस्थितींत दोषाचे चार निरनिराळे प्रांत आहेत.

ध्वनिविज्ञानाचा विद्यार्थी येथे स्वतःच्या परिचयाची एक गोष्ट ओळखील. सेकंदाला सुमारे वीसपेक्षा कमी आवर्तने असली तर आपल्याला सुटे ठोके जाणवतात. त्याहून अधिक झाली की कान त्यांचा एक सूर करतो. आता 10.00-20 या मापाचा टायर घ्या. त्याचा परीघ सुमारे 3.3 मीटर. ताशी 60 किलोमीटर वेगाला गाडी सेकंदाला 16.7 मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदाला सुमारे पाच फेरे घेते. टायरचा तोल बिघडला असेल, अथवा चाक हबवर वाकडे बसले असेल, तर हाताला सेकंदाला पाचच ठोके लागतील. उलट, इंजिन मिनिटाला 600 फेऱ्यांवर चालू आहे, पंपही त्याच गतीने फिरतो आणि त्यात दहा पाती आहेत असे धरले, तर तेलाला सेकंदाला शंभर धक्के बसतात. पुरुषाच्या आवाजाचा मूलस्वर साधारण याच पट्ट्यात असतो. म्हणून पंपाचे दुखणे बहुधा ऐकू येते, चाकाचे हाताला जाणवते. 'घरघर' आणि 'डुगडुग' यांतील अंतर असे आकड्यांत मांडता येते.

'दुरुस्तीनंतर' या क्रियाविशेषणाचा अर्थ 'दुरुस्तीमुळे' असा लगेच लावू नये. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते. आपल्या नैयायिकांनी याला काकतालीय न्याय म्हटले आहे. आणखीही एक शक्यता ध्यानात घ्यावी : पूर्वी झिजलेल्या सांध्यांत विरून जाणारा टायरचा असमतोल नवीन घट्ट सांधे प्रामाणिकपणे चालकाच्या हातापर्यंत पोहोचवू लागतात. असे असले तरी जे जे उघडले गेले ते ते संशयित, हा नियम व्यवहारात उपयोगी पडतो. त्यांतून खरा अपराधी काढण्याचा मार्ग अन्वय-व्यतिरेकाचा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, जसे आपण ध्वनिमांचा निर्णय करताना एकाच ध्वनीने भिन्न असलेली शब्दांची जोडी घेतो. दोन भाग एकदम बदलून थरथर थांबली, तर आपण गाडी बरी केली, पण शिकलो काहीच नाही.

उभ्या गाडीत थरथर असेल तर इंजिनाची गती थोडी वाढवून पाहावे. तिच्याबरोबर कंप बदलला तर पंप, पट्टा अथवा तेल यांकडे जावे. चालत्या गाडीत त्याच वेगाला क्लच दाबून इंजिन मंद गतीवर येऊ द्यावे. कंप कायम राहिला तर तो चाकांचा. या प्रयोगात इंजिन मात्र कधीही बंद करू नये, कारण त्याबरोबर स्टिअरिंगची मदतही जाते.

यानंतर गाडीखाली जावे. चाके जमिनीवर आणि इंजिन चालू ठेवून एकाने चक्र थोडेसे डावी-उजवीकडे हलवावे, दुसऱ्याने प्रत्येक सांध्यावर नजर ठेवावी. गिअरबॉक्स चॅसिसवर सरकतो का, पिटमन आर्म आपल्या दांड्यावर खेळतो का, ड्रॅग लिंकच्या टोकात हालचाल वाया जाते का, हे अशा वेळी स्पष्ट दिसते. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवावे. 'प्ले' आढळला तर कोणाला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर दोष व्हील बेअरिंगचा, तसाच राहिला तर किंगपिनचा. इतकी सोपी आणि निर्णायक कसोटी आमच्या शास्त्राच्या वाट्याला क्वचितच येते!

सैलपणाइतकाच घट्टपणाही घातक असतो, याकडे मात्र पुष्कळदा दुर्लक्ष होते. नवा बुश नीट रीमर करून बसवला नसेल तर स्टब ॲक्सल अडकत-सुटत फिरतो, आणि हे अडकणे-सुटणे हाताला थरथरीसारखेच लागते. ड्रॅग लिंक सोडवून, चाके उचलून, ती हाताने या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावी. ती एकसारखी फिरली पाहिजेत. दांड्यावरील युनिव्हर्सल जॉइंट गंजून आखडला असेल तर चक्राच्या एका फेऱ्यात दोनदा जडपणा येतो, ही त्याची खूण.

पाटे उतरवले गेले असतील तर ॲक्सल व पाटे यांच्यामधील निमुळती पाचर पाहावी. किंगपिनचा मागे कललेला कोन, म्हणजे कास्टर, काही अंशी तिच्यावर अवलंबून असतो. दोन अंशांची पाचर उलटी बसली तर कोनात चार अंशांचा फरक पडतो. कोन फार कमी झाला तर गाडी रस्त्यावर भरकटते. फार वाढला तर चाके दोन्ही बाजूंना झोके घेऊ लागण्याची प्रवृत्ती बळावते. या झोक्यांना इंग्रजीत 'शिमी' म्हणतात. हे नाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात अमेरिकेत गाजलेल्या, खांदे हलवण्याच्या एका नृत्यावरून आले. नृत्याचे नाव तरी कुठून, तर 'शमीज' या फ्रेंच वस्त्रनामाच्या बोलीतील रूपावरून. हान्स पाचेइका यांचा 1966 चा डेल्फ्ट येथील प्रबंध याच घटनेवर आहे. असमतोलाची थरथर चाकाच्या फेऱ्यांबरोबर वाढते व ओसरते. शिमी मात्र एखाद्या खड्ड्याने सुरू होते आणि गाडीचा वेग पुष्कळ खाली येईपर्यंत थांबत नाही. तिच्यावर स्टिअरिंगचा डँपर बसवणे म्हणजे ज्वर न ओळखता कपाळावर ओली पट्टी ठेवणे होय.

ब्रेक दाबल्यावरच कंप येत असेल तर ड्रमची गोलाई आणि पाट्यांचे यू बोल्ट तपासावेत; नवे यू बोल्ट गाडी थोडी चालल्यावर पुन्हा आवळावे लागतात, आणि नेमके तेच राहून जाते.

राहता राहिले तेल. होज सोडवले गेले असतील तर आत हवा शिरलेली असते. तेल फेसाळ, दुधी दिसते आणि मदत तुटक मिळते. पुढची चाके उचलून, प्रथम इंजिन बंद ठेवून, चक्र सावकाश टोकापासून टोकापर्यंत फिरवत हवा काढावी आणि टाकीतील पातळी ढळू देऊ नये. दुरुस्तीत चाकांच्या वळणाची सीमा ठरवणारे स्टॉप बोल्ट हलले असतील, तर गिअरबॉक्समधील मर्यादा-झडपाही त्यांच्याशी पुन्हा जुळवाव्या लागतात. त्या न जुळवल्यास पूर्ण वळणावर ॲक्सल अडतो आणि पंप मात्र दाब देतच राहतो. तो ओरडतो, तेल तापते, आणि चालक जॉब कार्डावर पुन्हा 'व्हायब्रेशन' लिहवून घेतो.