नेम बरोबर, तरी शून्य

९:१० – गंगापूर रोडला गाडी लावतोय तोच पिंपळगावहून फोन. द्राक्ष निर्यातदाराच्या पॅकहाउसमधला पोरगा. "दादा, शेतकऱ्यांनी क्षेत्र टाकलंय, यादीत शून्य दिसतंय. एकोणीस जणांचं!" बागायतदारांच्या नोंदणीचा हा फॉर्म माझाच.

९:४० – चहा हातात, कोड समोर. एएसपी डॉट नेट कोअरमध्ये रकान्याचं 'नेम' आणि कंट्रोलरच्या मेथडमधल्या पॅरामीटरचं नाव जुळलं की मूल्य आपसूक आत येऊन बसतं. अक्षर कॅपिटल की स्मॉल याचं त्याला सोयरसुतक नाही, स्पेलिंगचं मात्र आहे. 'आयडी' तर ब्राउझर पाठवतच नाही. नवी पोरं हमखास तिथे अडकतात. इथे नेम अचूक होता.

१०:३० – त्या पोराला फोनवरून एक फॉर्म पुन्हा भरायला लावला आणि आलेला मजकूर कच्चा उघडला. क्षेत्राच्या जागी टक्क्याच्या चिन्हांची माळ. एकेका अंकाचे तीन-तीन बाइट. उलगडून पाहिलं तर '१.२०'. सातबाऱ्यावरचं एक हेक्टर वीस आर, मोबाइलच्या मराठी कीबोर्डवरून जसंच्या तसं! डॉट नेटला देवनागरी अंक वाचता येत नाहीत. जावाला येतात, हे कळल्यावर जरा लाजच वाटली. रूपांतर फसलं की डेसिमल पॅरामीटरमध्ये शून्य उरतं आणि चूक मॉडेलस्टेटमध्ये नोंदली जाते. ती तपासायची ओळ मी लिहिलीच नव्हती.

१२:१५ – युनिकोडमध्ये ० ते ९ सलग बसलेत, म्हणून वजाबाकी केली की अंक हाती येतो. तेवढंच करणारा छोटा बाइंडर लिहिला. मॉडेलस्टेटची ओळही घातली.

१:३० – डबा. मेथीची भाजी.

२:१५ – यादी चाळताना दुसरं भूत. ४ ऑक्टोबरची गोडी छाटणी १० एप्रिलला! फॉर्ममधून आलेली तारीख सर्व्हरच्या भाषा-प्रदेशाप्रमाणे वाचली जाते, आणि आमचा सर्व्हर अमेरिकी: आधी महिना, मग दिवस. एप्रिलात खरड छाटणी असतेच, त्यामुळे कुणाला शंकाही आली नाही. १३ तारखेपासून पुढच्या छाटण्यांचे रकाने रिकामेच, कारण तेरावा महिना नसतो. रकान्याचा प्रकार 'डेट' केला. दिसायला कसाही दिसो, ब्राउझर वर्ष-महिना-दिवस अशीच तारीख पाठवतो.

६:०५ – नवी आवृत्ती चढवली. पिंपळगावहून फोन: "एक वीस दिसतंय दादा. पण जुन्या एकोणिसांचं काय?"

शेतकऱ्यांनी टाइप केलेलं मूळ अक्षर आम्ही कुठेच जपलेलं नाही. उद्या सकाळी एकोणीस फोन करायचे आहेत.