रग्बी, रॉकेट आणि पगारपत्रकं

फेब्रुवारी 2001. अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड या स्की रिसॉर्टवर सतरा जण जमले. स्कीइंग करायचं, खायचं-प्यायचं आणि जमलंच तर सॉफ्टवेअरबद्दल एकमत करायचं. सगळेच्या सगळे पुरुष आणि प्रत्येकाची पद्धत वेगळी. तरीही ॲजाइलचा जाहीरनामा निघाला! मूल्यं चार, मागाहून जोडलेली तत्त्वं बारा. बदलाचं स्वागत करा म्हणणाऱ्या या जाहीरनाम्याचा मजकूर मात्र तेव्हापासून जसाच्या तसा आहे. ना दुसरी आवृत्ती, ना बगफिक्स.

अर्थात, थोडं बनवा, चालवून बघा, सुधारा ही युक्ती काही या सतरा जणांची नव्हे. 1960च्या दशकाच्या सुरुवातीला नासाच्या मर्क्युरी प्रकल्पात सॉफ्टवेअरच्या एकेका फेरीची मुदत होती अर्धा दिवस! त्यातही चाचणी आधी ठरवायची, कोड नंतर. आपल्याकडे दोन आठवड्यांच्या स्प्रिंटमध्येही स्टोरी उरते आणि गुपचूप पुढच्या स्प्रिंटमध्ये सरकते. पुढे स्पेस शटलच्या मुख्य सॉफ्टवेअरसाठी 1977 ते 1980 दरम्यान 31 महिन्यांत 17 फेऱ्या झाल्या. कारण साधं होतं. काम चालू असतानाच मागण्या बदलणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

मग तो बदनाम वॉटरफॉल कुणाच्या नावावर? विन्स्टन रॉइस यांच्या. 1970च्या त्यांच्या लेखात पायऱ्यापायऱ्यांनी उतरणारी ती आकृती आहे खरी, पण असं काम करणं धोक्याचं आहे हेही तिथेच लिहिलंय. नवीन काही बनवताय तर दोनदा बनवा, असा त्यांचा सल्ला. चित्र गाजलं, सल्ला राहिला बाजूला. बिचारे रॉइस!

‘स्क्रम’ आलं रग्बीच्या मैदानातून, तेही जपानमार्गे. ताकेउची आणि नोनाका या दोघांनी 1986 साली हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यूत लेख लिहिला, त्यात उपमा रग्बीची, उदाहरणं होंडाच्या मोटारीची, कॅननच्या कॅमेऱ्याची. जेफ सदरलँड आणि केन श्वेबर यांनी 1995 साली स्क्रम सॉफ्टवेअरवाल्यांपुढे मांडलं.

कामाचा अंदाज बांधायचा प्लॅनिंग पोकर हा माझा लाडका प्रकार. पत्ते सगळ्यांनी एकदम उघडायचे, म्हणजे सीनियरचा आकडा ऐकून ज्युनियरची मान आपोआप डोलत नाही. एकाचा 2 आणि दुसऱ्याचा 13 निघाला की खरी चर्चा सुरू. पत्त्यांवर 1, 2, 3, 5, 8, 13. हे आकडे फिबोनाचीच्या नावाने ओळखले जातात. त्याचं पुस्तक 1202चं. त्याआधीच आपल्याकडे छंदातल्या लघु-गुरूंच्या रचना मोजताना हेमचंद्रांनी हाच क्रम सांगितला होता. 13नंतर मात्र 21 नाही, थेट 20, मग 40, 100. एवढ्या मोठ्या कामाचा अंदाज 21 सांगितला, तर तो उगाच अचूक वाटतो!

एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग नावारूपाला आलं ते क्रायस्लर या मोटार कंपनीच्या पगाराच्या प्रणालीवर, केंट बेक यांच्या हाताखाली. पद्धत जगभर पोचली. तो प्रकल्प 2000 साली बंद पडला.

आणि शेवटचं, खास रोज सकाळी स्टँडअपला उभं राहणाऱ्यांसाठी. काल काय केलं, आज काय करणार, कुठे अडलंय, हे तीन प्रश्न स्क्रम गाइडने 2020च्या आवृत्तीतून काढून टाकलेत. तुमच्या स्क्रम मास्टरला सांगून बघा.