‘सुधारित’ जात : निवडक पैदाशीचा नैतिक प्रश्न

मराठी कृषिविषयक लेखनात ‘सुधारित जात’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. एकोणिसाव्या शतकातील समाजसुधारणेच्या चर्चेतून ‘सुधारणा’ या संज्ञेला जे नैतिक वजन प्राप्त झाले, त्याची छाया या प्रयोगावरही पडते. मात्र ही सुधारणा कोणाच्या दृष्टीने, हा प्रश्न त्यात अनुच्चारित राहतो. मांसासाठी पाळल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबडीच्या आधारे तो येथे स्पष्ट करावयाचा आहे.

इष्ट गुणांचे नर व माद्या पिढ्यान्‌पिढ्या निवडून त्यांचीच संतती वाढविणे म्हणजे निवडक पैदास. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये रॉबर्ट बेकवेल यांनी मेंढ्यांबाबत ती पद्धतशीरपणे अवलंबिली. कोंबडीबाबत तिचा परिणाम कॅनडातील आल्बर्टा विद्यापीठाच्या २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातून दिसतो. १९५७, १९७८ आणि २००५ या वर्षांचे प्रतिनिधित्व करणारे वंश एकाच खाद्यावर वाढविले असता ५६व्या दिवशी त्यांचे सरासरी वजन अनुक्रमे ९०५, १८०८ व ४२०२ ग्रॅम भरले. खाद्य एकच असल्याने हा फरक मुख्यतः आनुवंशिक ठरतो.

स्नायूंच्या या वेगाशी हाडे, हृदय व फुप्फुसे यांचा मेळ राहत नाही. लंगडेपणा आणि हृदयविकार बळावतात. पैदाशीसाठी राखलेल्या पक्ष्यांची कोंडी वेगळी आहे. पोटभर खाऊ दिल्यास ते अतिस्थूल व रोगग्रस्त होतात. म्हणून त्यांना मोजकेच खाद्य मिळते आणि ते दीर्घकाळ भुकेले राहतात.

रूथ हॅरिसन यांच्या ‘अ‍ॅनिमल मशिन्स’ (१९६४) या ग्रंथानंतर ब्रिटनमध्ये नेमलेल्या ब्रॅम्बेल समितीने १९६५ मध्ये जनावराला उठता, बसता, वळता यावे, अंग स्वच्छ करता यावे व अवयव ताणता यावेत, अशी अपेक्षा मांडली. तिचा रोख प्रामुख्याने परिसराकडे होता. पिंजरा उघडता येतो. परंतु वेदनेचे कारण देहरचनेतच रुजले असेल, तर मोकळे अंगणही अपुरे पडते.

यावर असा युक्तिवाद संभवतो की, ही पैदास नसती तर हा विशिष्ट पक्षी जन्मलाच नसता. मग त्याची हानी झाली असे कसे म्हणावे? डेरेक पार्फिट यांनी १९८४ मध्ये भावी मानवी पिढ्यांच्या संदर्भात हाच पेच मांडला होता. बर्नार्ड रोलिन यांनी १९९५ मध्ये जनुकीय बदलांसंबंधी सुचविलेला निकष येथे उपयुक्त ठरतो: बदललेल्या प्राण्याची स्थिती मूळ वंशाहून वाईट असू नये. या निकषात तुलना व्यक्तीची नसून पिढ्यांची असल्याने उपरोक्त पेच टळतो.

स्वस्त प्रथिने हा या पैदाशीचा खरा लाभ आहे; तो नाकारण्याचे कारण नाही. शिवाय पायांचे आरोग्य हाही निवडीचा निकष होऊ शकतो, आणि पैदासकारांनी तो स्वीकारलेलाही आहे. म्हणजेच दोष निवडीच्या तंत्रात नसून उद्दिष्टांच्या क्रमात आहे. प्राण्यांच्या साहित्यिक चित्रणाचा विचार करणाऱ्या अभ्यासकाने ‘सुधारित’ हे विशेषणही चिकित्सेच्या कक्षेत घ्यावयास हवे. कारण ज्या देहाला ते लावले जाते, त्याची बाजू त्या विशेषणात कोठेच येत नाही.