हुज्जत म्हणजे भांडण नव्हे

आमच्या परभणी जिल्ह्यात पोराला ‘अक्कल आहे का?’ म्हणून दरडावतात, पावसाचा ‘कयास’ बांधतात, भाजीवाल्याशी ‘हुज्जत’ घालतात आणि नसत्या कटकटीला ‘इल्लत’ म्हणतात. चारही शब्द मुळात अरबी, आणि इस्लामी विद्येत मोठ्या मानाचे.

‘अक्ल’ म्हणजे बुद्धी. आठव्या-नवव्या शतकांत बसरा-बगदादचे मुतझिला पंडित म्हणत, भलेबुरे माणसाला बुद्धीने कळू शकते. अशअरी पंथ म्हणे, ईश्वराने सांगितले म्हणूनच ते भले. ‘हुज्जत’ म्हणजे प्रमाण. तत्त्वज्ञांवर कडाडून टीका करणारे इमाम गझाली (मृत्यू ११११) ‘हुज्जतुल इस्लाम’ म्हणून ओळखले जातात. पण तर्कशास्त्र त्यांनीही टाकले नाही. पुढे कॉर्डोबाचे काझी इब्न रश्द यांनी त्यांना ग्रंथ लिहून उत्तर दिले. धर्मच बुद्धी वापरायला सांगतो, अशी त्यांची मांडणी. त्यांचे अरबी निबंध १९४७ साली हैदराबादच्या दाइरतुल मआरिफने छापले. परभणी तेव्हा त्याच निजामी संस्थानात होती.

‘कियास’ मला एका खातेदाराने शिकवला. बँकेत असताना जिंतूरकडचे एक वृद्ध गृहस्थ बचत खात्यावरचे व्याज घेत नसत. मी कारण विचारले. ते म्हणाले, ‘‘साहेब, हदीसमध्ये सहा जिनसा सांगितल्यात. सोनं, चांदी, गहू, जव, खजूर, मीठ. सोन्याला सोनं, गव्हाला गहू द्यायचा तर कमी-जास्त चालत नाही. मग तांदळाचं काय? त्यासाठी आधी इल्लत शोधायची.’’

इल्लत म्हणजे नियमामागचे मूळ कारण. हनफी शास्त्र्यांनी ते माप-वजनात पाहिले, शाफईंनी खाद्यपदार्थ आणि चलन यांत. ते कारण दुसरीकडे सापडले, की तोच नियम तिथे लावायचा, हा कियास. बँकेच्या व्याजावरचा वादही असाच चालतो. बहुतेक विद्वान ते निषिद्ध मानतात. इजिप्तचे मुफ्ती तंतावी यांनी मात्र १९८९ मध्ये काही बचतपत्रांवरचा परतावा वैध ठरवला.

व्याज घ्यायला ते गृहस्थ शेवटपर्यंत राजी झाले नाहीत. पण ‘का’ विचारल्याचा त्यांना राग आला नाही.

अरबीत ‘इल्लत’चे दोन अर्थ आहेत: आजार आणि कारण. मराठीने आजार तेवढा उचलला, कारण तिकडेच राहिले. हुज्जतीतले प्रमाण गळाले, भांडण उरले. आज धर्माचा विषय निघाला की त्यांच्या घरात काय आणि आपल्या घरात काय, मराठीतलीच हुज्जत ऐकू येते. कधीतरी अरबीतलीही घालून पाहावी.