ऑक्टोबरच्या उन्हात थंडीचं विणकाम

पहाटे साडेपाच

दसऱ्यानंतर नाशिकच्या दुपारी तापतात, पण पहाट गार आणि कोरडी असते. हाताला घाम नसतो, टाका सुईवरून अडखळत नाही. पांढरी आणि फिकट लोकर मी याच वेळी हातात घेते. दुपारी घेतली तर ती मळते.

आज सुईवर निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदार ताईंचे हातमोजे आहेत. बोटं उघडी ठेवायची, कारण डिसेंबरात मण्यांची विरळणी करताना हातात कात्री असते आणि मणी बोटांनीच चाचपावा लागतो. मनगट आणि तळहात मात्र झाकलेला हवा. बारा नंबरच्या सुया, ४८ टाके, गोल फेरीत दोन सुलट दोन उलट. मनगट सात सेंटीमीटर झालं की साधी सुलट वीण आणि अंगठ्याची कळी सुरू. एका टाक्यापासून सुरुवात करून दर तिसऱ्या फेरीला कळीच्या दोन्ही कडांना एकेक टाका वाढवायचा. कळीत १५ टाके भरले की ते दोऱ्यावर काढून ठेवायचे आणि तळहात पुढे विणायचा, अंगठा शेवटी. कळी न घालता अंगठ्यासाठी नुसती चीर ठेवलेले मोजे कात्री उघडताना तळहातावर ताणले जातात. दिवसभर कात्री चालवणाऱ्या बाईला असला मोजा तासाभरात नकोसा होतो.

नऊ

डबे गेले, घर शांत झालं. आता वही, टेप आणि नमुना. त्याच ताईंना मोज्यांबरोबर स्वेटरही हवाय. ‘चांगला जाडजूड करा’ असं त्या म्हणाल्या होत्या. सगळेच म्हणतात. मी मात्र जाड स्वेटर शक्यतो विणत नाही, आणि त्यासाठी गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायचीही माझी तयारी असते. आपल्याकडची थंडी सकाळ-संध्याकाळची. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या खाली जातो आणि दुपारी ऊन चटका देतं. जाड स्वेटर दहा वाजता अंगातून निघतो तो थेट स्कूटरच्या हँडलवर. त्यापेक्षा आत सुती कपडा, त्यावर बारीक लोकरीची बिनबाह्यांची बंडी आणि वर पुढून उघडणारं कार्डिगन. ऊन चढेल तसा एकेक थर उतरवता येतो, कलत्या दिवसाबरोबर परत चढवता येतो.

ऊब धरते ती लोकरीच्या तंतूंत आणि दोन थरांमध्ये अडकलेली हवा. वरचा थर घट्ट झाला की हवेला जागा राहत नाही, ऊबही जाते आणि हातही वर होत नाही. म्हणून खरं काम मापांचं. छाती ९० सेंटीमीटर. बंडी ९५ची, कार्डिगन १०४चं. बंडी दहा नंबरच्या सुयांवर, दहा सेंटीमीटरला २६ टाके. म्हणजे पुढच्या भागाला १२४ आणि पाठीला तेवढेच. कार्डिगनची वीण मोकळी हवी म्हणून नऊ नंबर, दहा सेंटीमीटरला २४ टाके, पाठीला १२५. टाके जवळजवळ सारखेच, पण घेर नऊ सेंटीमीटरने मोठा. नमुन्यात २६ऐवजी २५ टाके भरत असतील तर त्याच १२४-१२४ टाक्यांची बंडी ९५ची ९९ होते. म्हणून नमुना विणायचा, धुवायचा, वाळवायचा आणि मगच मोजायचा. धुतल्यावर लोकर सैलावते.

बंडीला बाह्या का नाहीत, असंही विचारतात. बाही आली की काखेत दोन थरांचा गोळा होतो आणि वरच्या कार्डिगनचा मुंढा रुततो.

साडेअकरा

कालपरवा पूर्ण झालेली एक बंडी आणि गळपट्टा धुवायला काढले. रिठ्याचं पाणी, तेही थंड. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात चोळलं की ते एकमेकांत अडकतात आणि कापड आटून घट्ट नमद्यासारखं होतं. तिथून परत फिरता येत नाही. पिळायचं नाही, जुन्या पंचात गुंडाळून दाबायचं. मग गच्चीवर सावलीत चटईवर पसरून टेपने माप लावत आकार द्यायचा. दोरीवर टाकलं तर पाण्याच्या भाराने लांबी वाढते. ऑक्टोबरची हवा इतकी कोरडी की संध्याकाळपर्यंत बारीक वीण वाळून जाते. ज्या उन्हाला सगळे नावं ठेवतात, त्याचा मला या कामात आधारच होतो.

दोन

जेवणानंतर शिवणं. उजेड भरपूर, आणि लोकर मांडीवर घेऊन बसावं लागत नाही. बाजूचे जोड, खांदे, गळ्याच्या कडेचे टाके उचलणं. यात घाई करणाऱ्याचं सगळं विणकाम पाण्यात जातं.

चार

शेजारच्या दोन मुली शिकायला येतात. धाकटीचा टाका सुटून चार ओळी खाली गेलेला. ‘काकू, सगळं उसवू?’ तिचे डोळे भरले होते. क्रोशाची सुई दिली, सुटलेला टाका तिच्यावर घेतला, वरचा आडवा धागा त्यातून ओढायला सांगितला. चार वेळा केलं की टाका जागेवर. तिने पुढचे दोन मुद्दाम स्वतःच सोडले आणि उचलले. अशी मुलगी शिकते.

मोठीने बाजारातून ‘शुद्ध लोकर’ आणली होती. धाग्याचं टोक काडीने पेटवलं तर वितळून कडक काळा मणी झाला. ॲक्रिलिक. खरी लोकर केस जळल्यासारखी वास मारते आणि तिची राख चुरगळते. लहान मुलांच्या रोज धुवायच्या कपड्यांना ॲक्रिलिक चालतं, मीही वापरते. पण दवात काम करणाऱ्यांना लोकरच द्यावी: ती स्वतःच्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओल शोषते, तरी अंगाला ओली लागत नाही. आणि शुद्ध म्हणून शुद्ध नसलेलं विकणं हे वाईटच.

साडेसहा

एक बाई कानटोपी न्यायला आल्या आणि मजुरी वजनावर लावा म्हणाल्या. वजनाचा हिशोब मला मान्य नाही. शंभर ग्रॅम जाड लोकर एका संध्याकाळी संपते. शंभर ग्रॅम बारीक लोकरीत टाके कितीतरी जास्त, दिवस जातात. मग बारीक काम कोण करील? त्यांना दोन्ही नमुने हातात दिले, एका सेंटीमीटरातले टाके मोजायला लावले. त्यांनी मोजले आणि सांगितले तेवढे पैसे दिले.

साडेनऊ

गडद निळ्या कार्डिगनची पाठ. दिव्याखाली निळ्यातला चुकलेला टाका दिसत नाही, म्हणून रात्री फक्त सरळ वीण, वेणी किंवा नक्षी नाही. मुंढ्यापर्यंत अजून आठेक सेंटीमीटर आहे. ओळ अर्धी ठेवून उठायचं नाही. सुई जिथे थांबते तिथला टाका ताणून राहतो आणि कापडावर रेघ उमटते. ओळ पुरी केली, वहीत आकडा टिपला, सुयांच्या टोकांना रबर लावले. उद्या पहाटे दुसरा हातमोजा, तोही याच मापाचा.