भिंतीतलं पाच इंचांचं भोक

लंडनच्या जुन्या विटांच्या इमारतींकडे हिवाळ्यात नीट पाहिलं, की भिंतीतून जेमतेम वीतभर बाहेर आलेल्या पांढऱ्या नळ्या जागोजागी दिसतात. त्यांच्या तोंडातून वाफेचे लोट निघत असतात. आत, स्वयंपाकघराच्या भिंतीवर, कपाटाच्या एका कप्प्यात मावेल एवढा गॅस बॉयलर असतो. तोच प्रत्येक खोलीतले रेडिएटर तापवतो आणि नळाला गरम पाणीही देतो. या नळीचा माग काढत गेलं, की रसायनशास्त्र लागतं, इंग्लंडचा मालमत्तेचा कायदा लागतो आणि १९६८ सालची एक दुर्घटनाही लागते. इंग्लिश घरात याहून नवलाची वस्तू मला तरी दिसलेली नाही.

कायद्यापासूनच सुरुवात करावी लागते, कारण फ्लॅटमध्ये असा बॉयलर बसवायचा, तर गॅसवाल्याच्या आधी वकिलाची गरज पडते. हाउन्स्लो, हॅरो, स्लाव या भागांत स्थिरावलेली मराठी कुटुंबं पहिलं घर म्हणून अनेकदा फ्लॅट घेतात, आणि इंग्लंड-वेल्समधले बहुतेक फ्लॅट लीजहोल्डवर विकले जातात. नवी मुंबईकरांना सिडकोचा ६० वर्षांचा भाडेपट्टा ठाऊक असतो, पण तो जमिनीचा. इंग्लंडात खुद्द फ्लॅटच मुदतीवर मिळतो. ९९ वर्षं, १२५ वर्षं, कधी कधी तर ९९९ वर्षं! १९२५च्या कायद्याने तिथे जमिनीच्या मालकीचे दोनच प्रकार शिल्लक ठेवले, एक कायमचा आणि एक ठरावीक मुदतीचा. म्हणजे लाखो पौंड मोजून माणूस प्रत्यक्षात काळाचा एक तुकडा विकत घेतो. मुदत संपली की घर मूळ मालकाचं, फ्रीहोल्डरचं. जुन्या लीजवर त्यासाठी सहसा दरवर्षी भुईभाडंही द्यावं लागतं. ३० जून २०२२ नंतर केलेल्या बहुतेक नव्या दीर्घ लीजवर कायद्याने ते वर्षाला मिरीच्या एका दाण्यावर आणून ठेवलंय, आणि कायद्याच्या कलमात खरोखर मिरीचा दाणाच लिहिलेला आहे. एके काळी आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून सोन्याच्या मोलाने गेलेली ही मिरी तिथल्या कायद्यात नाममात्र मोबदल्याचं माप होऊन बसली आहे.

काळाला जशी हद्द असते, तशी जागेलाही. पुष्कळ लीजमध्ये फ्लॅटधारकाच्या वाट्याला भिंतीवरचा गिलावा, जमिनीच्या फळ्या आणि त्यांच्या आतली पोकळी एवढंच येतं. गिलाव्यामागच्या विटा, बाहेरचा दर्शनी भाग, जिना, छप्पर हे सगळं फ्रीहोल्डरचं. त्यामुळे बॉयलर आपल्या भिंतीवर टांगता येतो, पण त्याची नळी बाहेर काढायला जे साधारण पाच इंचांचं भोक पाडायचं, ते दुसऱ्याच्या मालमत्तेत पडतं. विचारल्याशिवाय पाडलं तर ते अतिक्रमण.

परवानगीच्या या कागदाला ‘लायसन्स टु ऑल्टर’ म्हणतात. फ्रीहोल्डरचा सर्व्हेअर येऊन नकाशे तपासतो, आणि त्याची व वकिलाची फी सहसा फ्लॅटवाल्यालाच भरावी लागते. १९२७च्या घरमालक-भाडेकरू कायद्यात फ्लॅटवाल्यासाठी एक मोठा आधार आहे. लीजमध्ये ‘संमतीशिवाय सुधारणा करू नये’ असं कलम असेल, तर ती संमती मालकाला विनाकारण अडवून धरता येत नाही. मात्र कलमात नुसतं ‘बदल करू नये’ एवढंच असेल, किंवा भिंत मुळात लीजमध्येच येत नसेल, तर हा आधार तोकडा पडतो. दोन-चार शब्दांच्या फरकाने एखादं कुटुंब उबेत राहतं की गारठ्यात, हे ठरतं. म्हणून लीज ओळ न् ओळ वाचावी, हा सल्ला मी अगदी कळकळीने देते.

काही इमारतींत मात्र प्रश्न परवानगीपर्यंत पोचतच नाही, कारण तिथे गॅसच नेता येत नाही. याचं एक कारण पूर्व लंडनच्या न्यूहॅममध्ये घडलं. रोनन पॉइंट हा २२ मजली टॉवर कारखान्यात ओतलेल्या काँक्रीटच्या फळ्या एकमेकींवर रचून उभारलेला होता. लोक राहायला येऊन दोनच महिने झाले होते. १६ मे १९६८ च्या पहाटे १८व्या मजल्यावरच्या बाईंनी चहासाठी काडी ओढली आणि रात्रभर गळत राहिलेल्या गॅसचा भडका उडाला. स्फोट फार मोठा नव्हता. बाई स्वतः बचावल्या. पण कोपऱ्यातली भिंतीची फळी बाहेर फेकली गेली, तिच्या आधारावरचे वरचे मजले खाली आले आणि त्या भाराने खालचेही कोसळत गेले. इमारतीचा एक अख्खा कोपरा जमिनीवर आला आणि चार माणसं गेली. त्यानंतर बांधकामाचे नियम बदलले, आणि अशा फळ्यांच्या अनेक टॉवरांतून गॅस कायमचा काढून टाकण्यात आला. तिथल्या घरांत रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापवून दिवसभर ऊब सोडणारे स्टोरेज हीटर आले. संध्याकाळी, घर भरलेलं असताना, नेमक्या त्या विटा निवत आलेल्या असतात. गॅस हीटिंग घ्यावं असं लोकांना वाटायला लागतं ते अशाच एखाद्या जानेवारीत.

इमारतीत गॅस चालत असेल, तर गॅसच्या जाळ्याची कंपनी नळ मीटरपर्यंत आणून देते. उत्तर लंडनमध्ये हे काम केडंट या कंपनीचं. जिन्यातून नळ न्यायचा तर पुन्हा फ्रीहोल्डरला विचारणं आलंच. मीटरच्या पुढची नळी घराची, आणि तिला हात लावण्याचा अधिकार फक्त गॅस सेफ रजिस्टरवर नोंदलेल्या कारागिराला. त्याचं काम पाहण्यासारखं असतं. घरातल्या गॅसचा दाब असतो २१ मिलिबार, म्हणजे पाण्याचा जेमतेम वीतभर उंचीचा स्तंभ उचलेल एवढाच. यूच्या आकाराच्या नळीत पाणी घालून कारागीर ती गॅसच्या नळीला जोडतो, दाब भरतो, एक मिनिट स्थिर होऊ देतो आणि मग दोन मिनिटं पाण्याच्या पातळीवरून नजर हलवत नाही. नव्या नळीत ती पातळी जरासुद्धा ढळता कामा नये. बॉयलर पूर्ण जोरात पेटलेला असतानाही मीटरपासून बॉयलरपर्यंत दाब एका मिलिबारहून, म्हणजे एक सेंटिमीटर पाण्याहून, जास्त पडू द्यायचा नसतो. म्हणून लांब अंतराला नळी जाड घ्यावी लागते.

आता बॉयलर. भिंतीतून निघणारी ती नळी खरं तर दोन नळ्यांची असते, एकीच्या आत दुसरी. नेहमीच्या मापात आतली ६० मिलिमीटरची, बाहेरची १००ची. बाहेरच्या नळीतून ताजी हवा आत येते, आतल्या नळीतून जळालेला वायू बाहेर जातो, आणि जाता जाता येणाऱ्या हवेला थोडं तापवूनही जातो. ज्योत बंद पेटीत जळते. खोलीतल्या हवेचा एक श्वासही ती घेत नाही. त्यामुळे विषारी कार्बन मोनॉक्साइड घरात शिरायचा मुख्य रस्ताच बंद होतो.

ज्योत पेटलेली आहे, हे बॉयलरला कळतं कसं? त्याला डोळा नसतो. पण ज्योतीत विजेचे भारित कण सुटलेले असतात, त्यामुळे ज्योत वीज वाहून नेते. ज्योतीत धरलेल्या एका बारीक सळईतून बॉयलर सतत अगदी सूक्ष्म प्रवाह सोडून पाहत राहतो. प्रवाह थांबला, की ज्योत विझली, आणि काही क्षणांत गॅसची झडप मिटते. आगीतून वीज वाहते, हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दोनदा वाचलं होतं.

आणि ती वाफ! उत्तर समुद्रातला गॅस असो की मुंबईच्या घरांत नळाने येणारा, मुख्यतः तो मिथेनच. एक किलो मिथेन जळताना हवेतला चार किलो ऑक्सिजन घेतो, आणि त्या पाच किलोंतून सव्वादोन किलो पाणी तयार होतं. म्हणजे आगीतून इंधनाच्या दुपटीहून जास्त पाणी! जुने बॉयलर हे पाणी वाफेच्या रूपात आकाशात सोडून देत, आणि पाण्याची वाफ करण्यात गेलेली उष्णताही तिच्यासोबत जाई. गॅसमधल्या एकूण उष्णतेच्या सुमारे दहावा हिस्सा. इंग्लंड-वेल्समध्ये एप्रिल २००५ पासून बहुतेक सगळे नवे बॉयलर कंडेन्सिंग असावे लागतात. रेडिएटरांतून फिरून थंड झालेलं पाणी ते आधी या धुरावर खेळवतात, वाफेचं पुन्हा पाणी करतात आणि ती उष्णता परत मिळवतात. अट एकच, परतणारं पाणी साधारण ५५ अंशांच्या खाली हवं. पुष्कळ घरांत बॉयलर ७५-८० अंशांवर लावून ठेवलेला असतो, आणि पैसे मोजून घेतलेली ही करामत बरीचशी वाया जाते. तो ६० च्या आसपास आणला, तर रेडिएटर हाताला कमी गरम लागतात, पण खोली तेवढीच उबदार होते, फक्त थोडा वेळ जास्त घेऊन. धुरातून गाळलेलं ते पाणी किंचित आंबट असतं, म्हणून ते प्लॅस्टिकच्या नळीने मोरीत सोडतात. ही नळी बाहेरून नेली आणि कडाक्याच्या थंडीत गोठली, तर ऐन गरजेच्या दिवशी बॉयलर बंद पडतो.

रेडिएटरांत वर्षानुवर्षं तेच पाणी फिरत राहतं. १० अंशांवरून ८० पर्यंत तापलं, की ते जवळजवळ तीन टक्के फुगतं. शंभर लिटर पाण्याला सुमारे तीन लिटर जास्तीची जागा लागते, आणि पाणी तर दाबलं जात नाही. म्हणून बॉयलरच्या आत एक डबा असतो, मधोमध रबराचा पडदा, पलीकडे कोंडलेला वायू. पाणी फुगलं की पडदा मागे सरतो, निवलं की पुढे येतो. हा पडदा फाटला, की दाबाचा काटा चढत जातो आणि ३ बारला सुरक्षा झडप उघडून पाणी बाहेर टाकते.

फ्लॅटमध्ये एक धोका वेगळा. बॉयलर बाहेरच्या भिंतीपासून दूर असला, तर धुराची नळी खोट्या छतातून लांबवर न्यावी लागते. २००८ साली बर्कशरमधल्या ब्रॅकनेल इथे एका नव्या फ्लॅटमध्ये अशीच छतात दडलेली नळी सुटली आणि कार्बन मोनॉक्साइडने एका तरुणीचा जीव गेला. अशा नळीची जोडणी डोळ्यांनी पाहता येईल अशी दारं छताला हवीत. ती नसतील, तर १ जानेवारी २०१३ पासून कारागिरांना तो बॉयलर धोक्याचा म्हणून नोंदवावा लागतो. घर दाखवायला आलेल्या एजंटला ही दारं कुठे आहेत, हे जरूर विचारा. बॉयलर असलेल्या खोलीत मोनॉक्साइडचा अलार्मही हवाच.

त्या पाच किलोंचा हिशेब अजून पुरा झालेला नाही. सव्वादोन किलो पाण्याखेरीज उरलेले पावणेतीन किलो म्हणजे कार्बन डायऑक्साइड. तो तसाच नळीतून बाहेर जातो, आणि त्याला परत मिळवणारा बॉयलर नाही. म्हणूनच तिथलं सरकार घरांना हीट पंपासाठी ७,५०० पौंडांचं अनुदान देतं, आणि ज्यांच्या फ्लॅटमध्ये आज गॅस नाही त्यांनी आधी त्याचा विचार करावा, असं मला मनापासून वाटतं. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढणारा हा पंप लावायचा, तर तोही येणार फ्रीहोल्डरच्याच भिंतीवर किंवा आवारात. म्हणजे कुठलाही मार्ग घेतला तरी पहिलं काम तेच राहतं. लीजची प्रत हाताशी नसेल, तर लँड रजिस्ट्रीकडे थोडी फी भरून ती मागवता येते. तिच्यासोबतच्या नकाशातली रंगवलेली रेघ विटांच्या आतून जाते की बाहेरून, ते आधी पाहा.