दोन घड्याळांचा मेळ : ‘द सिम्स २’मधील कॉलेज आणि घरांची फेरी

ऑपरेटिंग सिस्टीम्सच्या अभ्यासक्रमात राउंड रॉबिन शेड्युलिंग शिकवून झाले की बहुतेक विद्यार्थ्यांना गँट आलेख काढता येतो आणि सरासरी प्रतीक्षाकाळही काढता येतो. पण प्रत्येक प्रोसेसचे घड्याळ वेगळे असेल आणि ती घड्याळे एकमेकांशी जुळवून ठेवायची असतील तर काय करायचे, हा प्रश्न सहसा डिस्ट्रिब्युटेड सिस्टीम्सच्या पेपरपर्यंत लांबणीवर पडतो. प्रस्तुत टिपणात हा प्रश्न एका खेळाच्या आधाराने पाहू. खेळ जुना आहे, पण उदाहरण म्हणून त्याच्याइतके स्वच्छ दुसरे सापडणे कठीण. त्यात लपलेले काही नाही, आणि चूक झाली की ती चेहऱ्यानिशी समोर उभी राहते.

मॅक्सिस या कंपनीने तयार केलेला ‘द सिम्स २’ सप्टेंबर २००४ मध्ये आला. मार्च २००५ मध्ये त्याचा ‘युनिव्हर्सिटी’ हा विस्तार आला. खेळात एक वस्ती असते, वस्तीत घरे असतात, घरात माणसे असतात. ही माणसे वयाने वाढतात. अर्भकावस्था ३ दिवस, त्यापुढचे रांगते वय ४ दिवस, बालपण ८ दिवस, किशोरवय १५ दिवस, प्रौढपण २९ दिवस आणि त्यानंतर वार्धक्य, ज्याची लांबी प्रत्येकाची वेगळी. हे सगळे खेळातले दिवस. साधारण वेगाने खेळल्यास खेळातला एक मिनिट म्हणजे आपला एक सेकंद, म्हणजेच खेळातला एक दिवस आपल्या २४ मिनिटांत संपतो.

आता मुख्य मुद्दा. एका वेळी एकच घर चालते. तुम्ही ज्या घरात आहात तिथला काळ पुढे सरकतो, बाकी सर्व घरे जिथे सोडली तिथेच गोठलेली राहतात. वस्तीला स्वतःचे असे घड्याळच नाही. प्रत्येक घराचे घड्याळ स्वतंत्र आहे, आणि मध्यवर्ती घड्याळ कुठे असेलच तर ते खेळाडूच्या वहीत असते. म्हणून अनेक घरे सांभाळणारे खेळाडू ठरावीक दिवसांची फेरी लावतात: पहिल्या घरात ४ दिवस, दुसऱ्यात ४, तिसऱ्यात ४, आणि शेवटचे घर झाले की पुन्हा पहिले. हेच राउंड रॉबिन. ४ दिवस हा टाइम क्वांटम, आणि एका घरातून बाहेर पडून दुसरे लोड होण्यात जाणारा वेळ म्हणजे कॉन्टेक्स्ट स्विच.

फेरी का लागते? एकच घर सलग ३० दिवस चालवले तर त्या घरातला मुलगा प्रौढ होतो आणि शेजारचा त्याचा वर्गमित्र मात्र बालवर्गाच्याच वयाचा राहतो. घरे वेगळी असली तरी माणसे एकमेकांकडे जातात, फोन करतात, मैत्री करतात. म्हणजे प्रोसेस स्वतंत्र नाहीत, त्यांच्यात संदेशवहन आहे. पुढे गेलेल्या घरातला पाहुणा मागच्या घरात आला की तो अक्षरशः भविष्यातून आलेला असतो. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या त्यांच्या प्रसिद्ध निबंधात ‘आधी घडले’ हा संबंध मांडला तो नेमका अशाच परिस्थितीसाठी: प्रत्येक ठिकाणचे घड्याळ वेगळे असताना घटनांचा क्रम कसा ठरवायचा? फेरी पद्धतीत हा दोष नाहीसा होत नाही, पण त्याला मर्यादा पडते. फेरीची लांबी फ दिवस असेल, तर कोणत्याही दोन घरांच्या घड्याळांतील अंतर फ पेक्षा अधिक होऊ शकत नाही. फ लहान ठेवला तर अंतर कमी पण लोडिंग फार. मोठा ठेवला तर उलट. क्वांटमची चर्चा वर्गात करतो ती हीच.

कॉलेज आले की काय बिघडते

किशोरवयातून थेट प्रौढ होता येते, किंवा मध्ये कॉलेजला जाता येते. कॉलेज हे वेगळ्या नकाशावर आहे. तिथे ४ वर्षे, प्रत्येक वर्षाची २ सत्रे, म्हणजे एकूण ८ सत्रे. (आपल्या बी.ई., बी.टेक.सारखीच. इथपर्यंत साम्य आहे. आपले सत्र ७२ तासांत संपत नाही एवढेच.) प्रत्येक सत्र ७२ तासांचे. म्हणून पूर्ण पदवीला ८ × ७२ = ५७६ तास, म्हणजे २४ दिवस लागतात. या काळात विद्यार्थ्याचे वय दिवसांनी नव्हे, सत्रांनी मोजले जाते. आणि हे २४ दिवस घरचे घड्याळ जागचे हलत नाही.

परिणाम काय होतो तो पाहा. मुलगी पदवी घेऊन परत येते, तेव्हा तिचा धाकटा भाऊ अजून पाळण्यातच आहे. आईवडील एका दिवसानेही म्हातारे झालेले नाहीत. वसतिगृहात राहून शिकलेल्या कोणालाही हे खोटे वाटेल. चार वर्षांनी घरी गेल्यावर भिंतींचा रंगसुद्धा तोच नसतो.

घरच्या दिवसांत कॉलेजचे मोल किती, याबद्दल खेळ काहीच सांगत नाही. ते आपण ठरवायचे. पूर्ण पदवीचे घरगुती मूल्य म दिवस आहे असे मानू. म किती घ्यावा? वास्तवातल्या वयाशी ताडून बघू. बालपणाचे ८ दिवस म्हणजे ढोबळमानाने ८ वर्षे धरली, तर वर्षाला १ दिवस पडतो. किशोरवयाचे १५ दिवस म्हणजे सुमारे ६ वर्षे, म्हणजे वर्षाला अडीच दिवस. प्रौढपणाचे २९ दिवस म्हणजे चाळीसेक वर्षे, म्हणजे वर्षाला पाऊण दिवसही नाही. आणि कॉलेजात तर वर्षाला ६ दिवस! थोडक्यात, या खेळाची कालपट्टी एकसारखी नाही; तरुणपणी ती ताणलेली आहे आणि पुढे आकसत जाते. त्यामुळे ४ वर्षांचे मूल्य बालपणाच्या पट्टीने ४ दिवस, किशोरवयाच्या पट्टीने १० दिवस आणि प्रौढपणाच्या पट्टीने ३ दिवसांच्या आसपास येते. एकच बरोबर उत्तर नाही. माझ्या मते म = ८ हे सर्वांत सोयीचे, कारण मग एक सत्र म्हणजे घरचा एक दिवस, आणि हिशेब तोंडी होतो.

एका फेरीत किती सत्रे खेळायची, हे यावरून थेट निघते: ८ × फ ÷ म. हे उत्तर पूर्णांक येईल असेच फ आणि म निवडावेत. म = ८ आणि फ = ४ असल्यास फेरीला ४ सत्रे, म्हणजे दोन वर्षे. म = ४ आणि फ = ४ असल्यास अख्खी पदवी एकाच फेरीत. म = ६ आणि फ = ४ घेतले तर ५.३३ सत्रे येतात. असे घेऊ नये. अर्धवट सत्रावर घर सोडले की पुढच्या वेळी नेमके कुठे होतो हे आठवत नाही. परीक्षा झाल्याबरोबर खेळ साठवून बाहेर पडावे. सत्राची सीमा हा नैसर्गिक चेकपॉइंट आहे. ज्यांच्याकडे २००७ चा ‘सीझन्स’ हा विस्तार आहे त्यांच्या बाबतीत प्रत्येक ऋतू ५ दिवसांचा असतो. त्यांनी फ = ५ आणि म = १० घ्यावे; एका ऋतूत दोन वर्षे बसतात.

जुळ्यांचे गणित

आता जरा अवघड भाग. समजा जुळी भावंडे आहेत. एकाला कॉलेजला पाठवले, दुसरा घरीच राहिला. दोघांचे किशोरवयाचे श दिवस शिल्लक असताना पहिला गेला. घरच्या घड्याळानुसार तो म दिवसांनी प्रौढ होऊन परततो आणि म + २९ व्या दिवशी वृद्ध होतो. दुसरा श दिवसांनी प्रौढ होतो आणि श + २९ व्या दिवशी वृद्ध होतो. दोघांतले अंतर म − श. म = ८ असताना मुलाला किशोरवयाचे २ दिवस उरले असताना पाठवले, तर जुळ्यांपैकी एकाचे केस दुसऱ्यापेक्षा ६ दिवस आधी पिकतील. २९ दिवसांच्या प्रौढपणात ६ दिवस म्हणजे पंचमांशाहून अधिक. ज्या घरात दोघे एकत्र वाढले, तिथे हे डोळ्यांत खुपते.

यातूनच नियम मिळतो: श = म झाला की अंतर शून्य. म्हणजे कॉलेजला ८ दिवसांचे मूल्य दिले असेल तर किशोरवयाचे ८ दिवस शिल्लक असताना, अर्थात ७ दिवस झाल्यावर मुलाला पाठवावे. बहुतेक खेळाडू उलट करतात, किशोरवयाच्या शेवटच्या संध्याकाळपर्यंत थांबतात. त्यालाही कारण आहे: चांगले गुण आणि वाढवलेली कौशल्ये यांवर शिष्यवृत्त्या मिळतात आणि त्या कमवायला दिवस लागतात. ७ दिवसांत जमणारे काम आणि १४ दिवसांत जमणारे काम सारखे नसते. म्हणून म कमी ठेवण्याचा हा एक छुपा फायदा: म = ४ घेतल्यास मुलाला तयारीला ११ दिवस मिळतात आणि जुळेपणही टिकते. शिष्यवृत्ती महत्त्वाची की भावंडांचे वय, हे प्रत्येकाने आपल्या वस्तीपुरते ठरवावे. मात्र ठरवल्यावर मध्येच म बदलू नये. एका तुकडीला ८ आणि दुसरीला ४ दिले की दोन तुकड्यांतल्या मुलांची तुलनाच उरत नाही.

तुकडीबद्दल आणखी एक. कॉलेजच्या एका घरात एक विद्यार्थी असो वा पाच, खेळायला २४ दिवसच लागतात. साधारण वेगाने ते ९ तास ३६ मिनिटे होतात. प्रत्येकाला वेगळ्या घरात ठेवले तर तेवढे तास प्रत्येकामागे मोजावे लागतील. पण प्रत्येक विद्यार्थ्याचे सत्र तो आत आला त्या क्षणापासून मोजले जाते. चौघे वेगवेगळ्या दिवशी आले तर चौघांच्या परीक्षा वेगवेगळ्या दिवशी, आणि सामायिक चेकपॉइंट मिळतच नाही. म्हणून सर्वांना एकदमच दाखल करावे. ज्यांचा श हा म च्या दोन दिवस मागेपुढे आहे, ते एका तुकडीत चालतील. चूक दोन दिवसांपलीकडे जाणार नाही.

कॉलेज फेरीत कुठे ठेवायचे

इथे सर्वाधिक गोंधळ होतो. कॉलेज फेरीच्या शेवटी ठेवले असे समजा. पहिल्या फेरीत घरचे ४ दिवस संपल्यावर मुलगी घराबाहेर पडली. त्याच फेरीत शेवटी कॉलेजची पाळी आली आणि तिची ४ सत्रे खेळली, तर चूक झाली. कॉलेजची ती पाळी दिवस ० ते ४ यांच्या बदल्यात आहे, आणि मुलगी घरातून निघालीच दिवस ४ ला. तिला ४ दिवस फुकट मिळाले. तिला पुढच्या फेरीपर्यंत थांबवून ठेवायला हवे. बाहेर पडताना मात्र अडचण नाही: पदवी मिळते तेव्हा सगळी घरे त्याच सीमेवर उभी असतात.

कॉलेज फेरीच्या सुरुवातीला ठेवले तर प्रवेश आपोआप बरोबर होतो, पण आता निकास बिघडतो. पदवी मिळाली ती दिवस ८ ची, आणि आईवडिलांचे घर अजून दिवस ४ वरच. ती लगेच घरी गेली तर तिच्या प्रौढपणातले ४ दिवस जास्तीचे खर्च होतात. कुंपणाला दहा कप्पे असतील तर खांब अकरा लागतात, तीच ही चूक. ॲरेच्या शेवटच्या निर्देशांकावर जी चूक सापडायला रात्र जाते, तीच इथे कोणाच्या तरी वयात दिसते. मी कॉलेज शेवटी ठेवण्याच्या बाजूचा आहे. प्रवेशाच्या वेळी थांबणे सोपे, कारण मुलगी प्रतीक्षेत असताना तिचे वय वाढत नाही.

एवढे करूनही कधीतरी क्रम चुकतोच. अशा वेळी खेळाडू खेळ न साठवता बाहेर पडतो आणि मागच्या साठवणीपासून पुन्हा सुरू करतो. डेव्हिड जेफरसन यांनी १९८५ मध्ये मांडलेल्या टाइम वॉर्प पद्धतीत हेच यंत्राकडून करवून घेतले जाते: आधी बिनधास्त पुढे जायचे, भूतकाळातला संदेश आला की मागे फिरायचे.

नंतरच्या आवृत्त्यांत हा प्रश्न मुळातून बदलला. ‘द सिम्स ३’ने (२००९) अख्खी वस्ती एकाच घड्याळावर आणली. ‘द सिम्स ४’च्या २०१९ मधील कॉलेज विस्तारात सत्र एका आठवड्याचे आहे आणि त्याच आठवड्यात घरचेही दिवस जातात. हिशेबाची वही लागत नाही. वेळेची ओढाताण मात्र आता त्या विद्यार्थ्याच्या रोजच्या दिवसात येते. तो वेगळ्या टिपणाचा विषय आहे.

स्वाध्याय

१. म = १० आणि फ = ५ असताना एका वस्तीत सहा घरे आणि कॉलेजचे एक घर आहे. एक फेरी साधारण वेगाने पूर्ण करायला तुमचे किती तास लागतील? तुम्ही रोज एक तास देऊ शकत असाल, तर तुमच्या पुढच्या सत्रपरीक्षेआधी अशा किती फेऱ्या होतील?

२. तीन मैत्रिणींचे किशोरवयाचे अनुक्रमे ९, ७ आणि ३ दिवस शिल्लक आहेत. म = ८. तिघींना आजच एका तुकडीत पाठवल्यास, घरी राहिलेल्या त्यांच्या समवयस्कांच्या तुलनेत प्रत्येकीचे अंतर काढा. तिसरीला पाठवावे की नाही, ते कारणासह लिहा.

३. कॉलेज फेरीच्या मध्यभागी, तिसऱ्या आणि चौथ्या घराच्या मध्ये ठेवले आहे. पहिल्या आणि पाचव्या घरातल्या मुलांसाठी प्रवेश व निकास यांपैकी काय बरोबर राहते आणि काय चुकते?